दूध-मासळी वाहणाऱ्या गाडीतील दुर्गंधी व तिचे निवारण

शेतमालाची पहिली मजल, म्हणजे गोठ्यापासून संकलन केंद्रापर्यंतची किंवा बंदरापासून जवळच्या बाजारापर्यंतची वाहतूक, आज बहुतांशी लहान गाड्यांतून होते. पिकअप, तीन चाकी टेंपो आणि बंद व्हॅन ही त्यांपैकी नेहमी दिसणारी वाहने होत. शेतकरी कुटुंबात गाडी एकच असते व तिच्याकडून सर्व कामे करून घेतली जातात. सकाळी दुधाचे कॅन, दुपारी सरकी पेंड, बाजारच्या दिवशी कांदा किंवा कोबी, आणि लग्नकार्याला निघालेली घरची मंडळी, अशी तिची फेरी चालू असते. गाडीच्या हप्त्यांचा विचार करता हे योग्यच आहे. परंतु अशा गाडीस काही महिन्यांतच एक आंबूस, कुजकट वास येऊ लागतो. तो वास म्हणजे केवळ गैरसोय आहे असे समजून त्याकडे दुर्लक्ष केले जाते, व तेथेच नुकसानीस आरंभ होतो.

दूध संकलन केंद्रावर कॅनचे झाकण उघडल्याबरोबर पहिली परीक्षा नाकाने होते. स्निग्धांश मोजण्याचे यंत्र त्यानंतर येते. झाकण काढताच आंबट किंवा खवट वास आला तर ते दूध बाजूला ठेवले जाते, आणि उकळून फाटते की काय हे पाहीपर्यंत उत्पादकाचा जीव टांगणीस लागतो. दुधातील स्निग्ध पदार्थ बाहेरचे वास चटकन शोषून घेतात. गाई-म्हशींनी धारेपूर्वी कांदापात किंवा लसूणपात खाल्ली तर दुधाला तो वास लागतो, हे गोठ्यात वावरणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. घट्ट झाकलेल्या कॅनमधील दुधास गाडीतील हवेचा वास सहसा लागत नाही. तो लागतो झाकण उघडण्याच्या, ओतण्याच्या वेळी आणि झाकणाच्या रबरी कड्यातून. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात एका उत्पादकाचे दूध आठवड्यात तीनदा परत आले होते. जनावरे निरोगी होती, धारेची भांडी स्वच्छ होती. शोध घेता व्हॅनच्या मागील आसनाखालील जाजमात जुने सांडलेले दूध मुरलेले आढळले, आणि कॅनची झाकणे नेमकी त्याच जाजमावर उलटी ठेवली जात असत. झाकणाच्या कड्यात शिरलेले जंतू दररोज नव्या दुधास विरजण लावीत होते. वास हा तेथे रोगाचे लक्षण होता. खरा रोग त्या जाजमात होता.

वास कशाचा आहे हे प्रथम ओळखावे

सर्व दुर्गंधी एकाच औषधाने जाईल ही समजूत चुकीची आहे. खाद्यपदार्थांचे वास रासायनिक दृष्ट्या निरनिराळ्या प्रकृतीचे असतात, आणि एकावर उपयोगी पडणारा पदार्थ दुसऱ्यावर निरुपयोगी, प्रसंगी अपायकारकही ठरतो.

दुधाचे उदाहरण प्रथम घेऊ. सांडलेल्या दुधातील शर्करेपासून जंतू दुग्धाम्ल तयार करतात; हा पहिल्या एक-दोन दिवसांतील दह्यासारखा आंबट वास होय. तो फारसा त्रासदायक नसतो. खरी दुर्गंधी त्यानंतर सुरू होते. दुधातील स्निग्ध पदार्थ विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या क्रियेने फुटतात व त्यांतून ब्युटिरिक आम्ल मोकळे होते. खवट लोण्याचा व ओकारीचा जो विशिष्ट वास असतो तो याच आम्लाचा. कच्च्या दुधात असे विकर मुळातच असतात, म्हणून तापविलेल्या दुधापेक्षा कच्चे दूध सांडले तर वास अधिक लवकर येतो. म्हशीच्या दुधात स्निग्धांश गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट असल्यामुळे त्याची दुर्गंधी अधिक चिवट असते. ब्युटिरिक आम्लाचा उत्कलनबिंदू सुमारे १६४ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे ते पाण्याप्रमाणे चटकन उडून जात नाही. गाडी चार दिवस उघडी ठेवली, पाणी वाळले, तरी हे आम्ल फोममध्ये व धाग्यांत चिकटून राहते, आणि ऊन तापले की पुन्हा वास देते. याच्या जोडीस दुधातील केसीन हे प्रथिन कुजून गंधकयुक्त वायू देते.

मासळीची गोष्ट याच्या उलट आहे. समुद्रातील माशांच्या मांसात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. मासा मेल्यावर जंतू त्याचे ट्रायमिथिलअमाइनमध्ये रूपांतर करतात, आणि मासळीबाजारातील ओळखीचा वास निर्माण होतो. हा पदार्थ आम्ल नसून अल्कधर्मी आहे. घरोघरी बांगडा किंवा सुरमई धुताना लिंबू, चिंच किंवा कोकमाचे आगळ लावतात, त्यामागे हेच शास्त्र आहे: आम्लाशी संयोग होऊन त्याचे न उडणारे लवण बनते व वास बसतो. रोहू, कटला या गोड्या पाण्यातील माशांत हा पदार्थ फारच थोडा असल्याने त्यांचा वास निराळा, चिखलासारखा असतो. मुशीसारख्या माशांच्या अंगात युरियाही पुष्कळ असतो व त्यापासून अमोनिया निघतो. मुशी वाहून आणलेल्या गाडीत डोळे चुरचुरतात ते त्यामुळे.

कांदा, लसूण व कोबी यांचे वास गंधकाच्या संयुगांचे असतात. अखंड, सुक्या कांद्याचा गाडीस फारसा उपद्रव होत नाही. गोणीच्या तळाशी एखादा कांदा सडला व त्याचे पाणी फळ्यांच्या फटीत उतरले म्हणजे मात्र तो वास महिनोन्‌महिने हटत नाही.

वास कोणत्या जातीचा आहे याविषयी शंका असेल तर गावातील माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेतून लिटमस कागदाच्या दोनचार पट्ट्या मागून आणाव्यात. संशयित जागी थोडे स्वच्छ पाणी टाकून ती जागा दाबावी व वर आलेल्या पाण्यात पट्टी बुडवावी. निळी पट्टी तांबडी झाली तर दुधाचे आम्ल, तांबडी निळी झाली तर मासळीचा अल्कधर्मी अवशेष, असा अंदाज बांधता येतो. पूर्वी त्या जागी साबण वा सोडा वापरला असेल तर मात्र ही परीक्षा विश्वसनीय नाही.

आणखी एक अडचण आहे. दररोज त्याच गाडीत बसणाऱ्या माणसाचे नाक त्या वासास सरावते व त्याला तो जाणवेनासा होतो. सबब आपल्या गाडीची परीक्षा आपण करू नये. गाडी रात्रभर सर्व काचा लावून बंद ठेवावी आणि सकाळी दार उघडताच शेजाऱ्यास, शक्यतो ज्याचा दुधाशी अगर मासळीशी संबंध नाही अशास, वास घ्यावयास सांगावे. नंतर जाजम, आसनाच्या शिवणी, सुट्या चाकाचा खळगा, दाराच्या खालचा भाग आणि हौद्याचे कोपरे हे एकेक करून तपासावेत. सांडलेला द्रव उताराकडे जातो. म्हणून डाग दिसतो तेथेच मूळ असेल असे नाही. काही व्हॅनमध्ये इंजिन पुढील आसनाखाली असते. त्या उष्णतेने आसनाखालील वास तापून सर्व केबिनमध्ये पसरतो व चालकास तो इंजिनाचाच वाटतो.

दूध सांडले असता

पहिला अर्धा तास सर्वांत मोलाचा असतो. सुती फडकी किंवा जुनी वर्तमानपत्रे सांडलेल्या जागेवर दाबून दूध टिपून घ्यावे. घासू नये, घासल्याने ते अधिक खोल जाते. टिपणे संपल्यावर साधे थंड पाणी थोडथोडे टाकावे व पुन्हा टिपावे. येथे कढत पाणी वापरण्याची चूक अनेकजण करतात. कढत पाण्याने दुधातील प्रथिन साकळते व धाग्यांत पक्के बसते. त्याच कारणाने दुधाची भांडीही प्रथम थंड पाण्याने विसळण्याचा प्रघात आहे.

दूध मुरून दिवस लोटले असतील तर पुढीलप्रमाणे करावे. जाजम व त्याखालील नमदा बाहेर काढावा. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, म्हणजे अदमासे ३० ग्रॅम, खाण्याचा सोडा विरघळवून त्या पाण्याने डागाची जागा पूर्ण भिजेल अशी भिजवावी. सोडा वरून भुरभुरणे पुरेसे नाही; कोरडी पूड पृष्ठभागापुरतेच काम करते, आणि आम्ल तर आत असते. सोड्याच्या संयोगाने ब्युटिरिक आम्लाचे पाण्यात विरघळणारे, वास नसलेले लवण बनते. अर्ध्या तासाने ते पाणी दाबून टिपून काढावे व स्वच्छ पाण्याने दोनदा धुवावे. हे लवण धुऊन काढणे आवश्यक आहे. कित्येकजण सोड्यानंतर 'अधिक गुण यावा' म्हणून त्याच जागी व्हिनेगर ओततात. तसे केल्यास लवणाचे पुन्हा आम्ल होते आणि गेलेला वास परत येतो. दोन्ही उपाय चांगले आहेत, पण ते एकमेकांचे काम बिघडवितात.

एवढ्याने वास न गेल्यास स्निग्ध पदार्थ व प्रथिने शिल्लक आहेत असे समजावे. तेथे विकरयुक्त धुण्याची पूड उपयोगी पडते. पुड्यावर तसा उल्लेख पाहूनच ती घ्यावी. कोमट पाण्यात, म्हणजे ३० ते ४० अंशांच्या दरम्यान, द्रावण करावे, त्याने जागा भिजवून वर ओले फडके व प्लास्टिकचा कागद घालावा आणि ती सहा-आठ तास ओली राहील असे पाहावे. विकरांचे काम सावकाश चालते; दहा मिनिटांत धुऊन टाकल्यास काहीच साधत नाही. अतिशय गरम पाण्याने किंवा ब्लीचिंग पावडरीने विकर नष्ट होतात. हातास खाज सुटू नये म्हणून रबरी हातमोजे वापरावेत, आणि लोकरीच्या आच्छादनावर हा प्रयोग करू नये, कारण लोकर हेही एक प्रथिनच आहे.

आसनाच्या फोममध्ये लिटरभर दूध मुरले असेल तर लेखकाचे स्पष्ट मत असे की, फोम बदलावा. चार वेळा धुणे, प्रत्येक वेळी वाळण्यास लागणारे दिवस आणि त्या काळात बुडणारी वाहतूक यांचा हिशोब केला तर नव्या फोमचा तुकडा व गादीवाल्याची मजुरी स्वस्त पडते. जाजमाखालच्या नमद्यासही हाच न्याय लावावा. रेक्झिनचे आवरण मात्र टाकण्याचे कारण नाही. ते उसवून, धुऊन पुन्हा चढविता येते. अलीकडच्या काही गाड्यांत आसनाच्या आत किंवा खाली हवेच्या सुरक्षा-पिशवीच्या तारा असतात व त्या सामान्यतः पिवळ्या वेष्टनात असतात. त्यांस हात लावू नये. असे आसन कारागिराकडूनच उतरवून घ्यावे.

मासळीच्या गाडीसंबंधी

मासळीच्या पाण्यात मीठ असते. वासाबरोबर ते पत्राही खाते, आणि गंजाच्या खडबडीत पृष्ठभागात पुढचा वास अधिकच रुतून बसतो. हर्णै किंवा मिरकरवाड्यासारख्या बंदरावरून माल आणणाऱ्या गाड्यांचे हौदे पाहिले म्हणजे हे सहज ध्यानात येते. माल उतरल्याबरोबर, पाणी वाळण्यापूर्वी, हौदा गोड्या पाण्याने भरपूर धुवावा. तळाची निचऱ्याची भोके खवले व बर्फाच्या भुशाने बुजलेली असतात, ती तारेने मोकळी करावीत. नंतर साबणाच्या पाण्याने व राठ ब्रशाने घासून तेलकटपणा काढावा. शेवटी एक भाग व्हिनेगर व तीन भाग पाणी यांचे मिश्रण फवारावे अथवा फडक्याने लावावे, दहा-पंधरा मिनिटांनी स्वच्छ पाण्याने धुवावे. चिंचेचे पाणी चालते, परंतु त्याचा चिकटपणा राहतो. कोकमाचा डाग पडतो. आम्ल उघड्या पत्र्यावर राहू दिल्यास गंज वाढतो, म्हणून शेवटची धुलाई टाळू नये. येथे सोडा वापरू नये हे वरील विवेचनावरून उघड आहे.

गाडीत लाकडी फळ्या असतील तर काम कठीण. लाकूड पाणी पिते. फळ्या उचलून दोन्ही बाजूंनी धुवाव्यात, कडक उन्हात पूर्ण वाळवाव्यात आणि मग तेलरंगाचे दोन हात द्यावेत. एकदा रंगविलेली फळी पुढे बरीच वर्षे धुण्यास सोपी जाते. उन्हाळ्यात त्याच गाडीतून हापूसच्या पेट्या मुंबई-पुण्याकडे जावयाच्या असतात. पेटीतील गवत वास धरते, आणि पेटी उघडताच आंब्याऐवजी बोंबलाची आठवण झाली तर अडत्या भाव पाडतो व त्याला दोष देता येत नाही. चहा, अंडी आणि लोणी हेही वास चटकन धरणारे पदार्थ आहेत.

सडलेल्या कांद्याच्या पाण्यावर ब्लीचिंग पावडर उपयोगी पडते, कारण तिच्यातील क्लोरीनमुळे गंधकाची संयुगे बदलून जातात. पाच लिटर पाण्यात ५ ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर, ताजी पावडर ढवळून गाळ खाली बसू द्यावा व वरचे निवळ पाणी हौद्यात दहा मिनिटे ठेवून धुऊन टाकावे. हा उपाय फक्त उघड्या हौद्यात करावा, बंद केबिनमध्ये करू नये. ब्लीचिंग पावडर व्हिनेगर, लिंबू किंवा कोणत्याही आम्लाबरोबर कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो व तो फुप्फुसास घातक आहे. अमोनियायुक्त द्रव्याशी मिसळल्यासही विषारी वायू निघतात. एक पदार्थ पुरता धुतल्याखेरीज दुसरा वापरू नये. घरातील मुले हौशीने मदतीस येतात, त्यांना या कामापासून दूर ठेवावे.

सुगंधी द्रव्ये, कोळसा व ऊन

बाजारात मिळणाऱ्या सुगंधी बाटल्या, कापूर, उदबत्ती किंवा कॉफीची पूड यांनी दुर्गंधी नष्ट होत नाही. एका वासावर दुसरा वास चढतो एवढेच. दुधाच्या गाडीत तर हे विशेष वाईट, कारण दुधास अत्तराचा वास लागला तरी ते परत येणारच. सक्रिय कोळसा, म्हणजे अॅक्टिव्हेटेड कार्बन, हा खरोखर वास शोषतो. त्याच्या एका ग्रॅमच्या आत सूक्ष्म छिद्रांचे क्षेत्रफळ शेकडो चौरस मीटर भरते. परंतु तो हवेत आलेला वास घेतो, जाजमातील मूळ काढीत नाही. म्हणून धुलाई झाल्यावर उरलेल्या मंद वासापुरती त्याची पुरचुंडी आसनाखाली ठेवावी. चुलीतील कोळशाची छिद्रे त्या मानाने थोडी असल्याने त्याचा गुण अल्प असतो. काही गॅरेजांतून ओझोन वायूचे यंत्र लावून देतात. त्याने काही वास जातात, परंतु तो वायू फुप्फुसास अपायकारक आहे व रबरासही झिजवितो. यंत्र चालू असताना गाडीत कोणी बसू नये आणि नंतर ती बराच वेळ उघडी ठेवावी.

उन्हाविषयी थोडे अधिक सांगणे जरूर आहे, कारण बहुतेकांचा भरवसा उन्हावर असतो. काचा बंद करून गाडी उन्हात उभी केली तर तासाभरात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा १५-२० अंशांनी वाढू शकते. आत ओलावा व दुधाचा अंश असेल तर ही उष्णता वास बाहेर काढते, पण त्यास जावयास वाट नसल्याने तो छताच्या कापडात व आसनांत पुन्हा मुरतो. ऊन द्यावयाचे ते सर्व दारे व मागील फाळका उघडून, वारा आरपार जाईल असे द्यावे. प्रथम धुलाई, मग ऊन, हा क्रम बदलू नये. कोकणात व घाटमाथ्यावर आषाढ-श्रावणात ऊन मिळत नाही. तेथे भिजविण्याची मोठी कामे मृगापूर्वीच उरकून घ्यावीत. पावसात करणे भागच पडले तर छपराखाली गाडी उघडी ठेवून विजेचा पंखा एक-दोन दिवस सतत लावावा. अर्धवट वाळलेल्या जाजमास बुरशी येते व दुधाच्या वासाची जागा कुबट वास घेतो.

गाडीस वातानुकूलन यंत्र असेल तर त्याची हवा गाळणारी जाळी बदलावी व पाणी निघण्याची नळी बुजली नाही ना हे पाहावे. मुक्काम येण्यापूर्वी थंडावा बंद करून नुसता पंखा पाच मिनिटे चालू ठेवल्यास आतील ओलावा वाळतो.

पुन्हा वास लागू नये म्हणून

कॅन काठोकाठ भरू नये. मानेखाली चार बोटे जागा ठेवावी. रबरी कडे चिरले असेल तर बदलावे, त्याची किंमत सांडणाऱ्या दुधापेक्षा कमी आहे. कॅन जाजमावर ठेवू नयेत. उभ्या काठाच्या प्लास्टिक ट्रेमध्ये ठेवून पट्ट्याने बांधावेत. सांडले तरी ट्रे उचलून धुता येतो. मासळी बर्फासह जाड भिंतीच्या बंद पेटीत ठेवावी व वितळलेले पाणी हौद्यात न सोडता नळीने डब्यात धरावे. शक्य तर दुधाची व मासळीची गाडी निराळी असावी, आणि ते न जमल्यास दोन फेऱ्यांच्या मध्ये वर सांगितलेली धुलाई व्हावी. अन्नपदार्थांची वाहतूक स्वच्छ वाहनातून झाली पाहिजे, ही २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील नियमांचीही अपेक्षा आहे.

कीटकनाशकाच्या वासास मात्र वरीलपैकी कोणताही उपाय लागू करू नये. गाडीत औषधाची बाटली फुटली असेल तर तो प्रश्न दुर्गंधीचा नसून विषाचा आहे. त्या जागेवर माती किंवा लाकडाचा भुसा टाकून द्रव शोषून घ्यावा, तो भुसा विहीर, ओढा व जनावरे यांपासून दूर ठेवावा, भिजलेले जाजम काढून टाकावे, आणि बाटलीच्या चिठ्ठीवरील सूचना वाचून पुढील स्वच्छता करावी. अशा गाडीतून दूध, पेंड किंवा कडबा नेऊ नये; वास गेला असे वाटले तरी नेऊ नये. बियाणे-औषधांची खरेदी व दुधाची फेरी एकाच खेपेत उरकण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. ती फेरी दुपारी, कॅन उतरवून झाल्यावर, स्वतंत्र करावी.